अर्धा आटा

खंडेनवमीला आमच्या गॅरेजात पाटावर हत्यारं मांडली की बघायला आलेला एक तरी माणूस विचारतो, "मिस्त्री, ह्या रांगेत एक जागा मोकळी का सोडलीय?" पाने आकाराप्रमाणे लावलेले असतात, सगळ्यात लहान डावीकडं आणि मोठा उजवीकडं. त्यांच्या वरच्या ओळीत पक्कड, हातोडी, प्लगपाना आणि मग चार स्क्रूड्रायव्हर. असायला हवेत पाच. पाचवा, लाल मुठीचा, माझ्या शर्टाच्या खिशात असतो. विचारणाऱ्याला मी सांगतो की हरवला. गेली सहा वर्षं तो फक्त नवमीलाच हरवतो, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आलं असतं तर कोल्हापूरचा माणूस तोंडावर बोलल्याशिवाय राहिला नसता.

ह्या अंकाच्या संपादकांनी "कामाचे अनुभव लिहा" म्हटलं, तेव्हा मला पहिल्यांदा तो स्क्रूड्रायव्हरच आठवला. बाकी माझ्या कामात सांगण्यासारखं फार नाही. उद्यमनगरात जुन्या पेट्रोल गाड्यांचं गॅरेज. कार्ब्युरेटरच्या गाड्या, म्हणजे ज्यांच्यात पेट्रोल आणि हवा मिसळायचं काम पितळी-जस्ती भांडं करतं, कॉम्प्युटर करत नाही. अशा गाड्या आता हौशी लोकांकडंच उरल्यात. हौशी गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं. एकाला गाडी चालवायची असते आणि दुसऱ्याला दाखवायची असते. दुसरा जास्त त्रास देतो, पण चहा तोच पाजतो.

माझी गोष्ट फिल्टरची आहे, म्हणून तेवढं समजावून सांगतो. पेट्रोलची टाकी गाडीच्या मागं असते. तिथून बारीक पाइपनं पेट्रोल पुढं येतं, इंजिनावरचा छोटा पंप ते ओढतो आणि कार्ब्युरेटरकडं ढकलतो. टाकीतला गंज, पेट्रोल भरतो त्या पंपावरची माती, कधी पाणी, हे सगळं पेट्रोलबरोबर येतं. कार्ब्युरेटरची छिद्रं सुईच्या टोकाएवढी. ती बुजू नयेत म्हणून वाटेत एक फिल्टर बसवतात. अंगठ्याएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी, आत घड्या घातलेला कागद, दोन्ही बाजूंना रबरी नळी आणि नळी निसटू नये म्हणून स्क्रूची पत्र्याची क्लिप. डबीवर बाण असतो, पेट्रोल कुठल्या दिशेनं जायचं तो. एकानं स्वतःच्या हातानं फिल्टर बसवला आणि बाण उलटा लावला. "गाडी चढाला दम खाती" म्हणून तीन गॅरेज फिरून माझ्याकडं आला. मी डबी उलटी करून दिली, तर तो माझ्यावरच नाराज झाला. एवढं सोपं असायला नको होतं म्हणे.

चंदगडकडचे एक काजूवाले होते. त्यांच्या भागात पाऊस असा, की पेट्रोलच्या कॅनचं झाकण नुसतं सैल राहिलं तरी आत पाणी. त्यांच्या गाडीचा फिल्टर बघितला तर तळाशी पाण्याचे मणी गोळा झालेले, आणि वर पेट्रोल. मी डबी त्यांच्यापुढं उन्हात धरली. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "ह्ये आमच्या बांधावरचं पाणी हाय, मी वळखतो." फिल्टर पारदर्शक का करतात आणि समोर का लावतात, ते मला त्या दिवशी नीट पटलं. तो दिसायलाच पाहिजे.

आणि पुढं मीच एकाचा लपवला.

दिनकरतात्या कोडोलीचे. सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, साचे भरायच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी गोल बॉनेटची एक जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्यावर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा त्यांच्या म्हशींवरही नव्हता, आणि म्हशी चांगल्या होत्या. गाडीचं बाहेरचं रंगकाम झालं, गाद्या झाल्या, मग त्यांनी बॉनेट उघडून इंजिनाच्या जागेकडं मोर्चा वळवला. तारा एका नळीत बांधून घेतल्या, बॅटरीला झाकण केलं, आतला पत्रा रंगवला. मी मनातून हसायचो. एकदा हसताना पकडला गेलो.

"हसा," तात्या म्हणाले. "बत्तीस वर्षं काळ्या वाळूत काढली, मिस्त्री. नाकातनं काळं, थुकीतनं काळं. पोरीच्या लग्नात फोटोत माझी नखं काळी हायत. आता मला एक तरी जागा अशी पायजे, जिथं बोट फिरवलं तर बोट पांढरं ऱ्हाईल."

त्यानंतर मी हसलो नाही.

सगळं झाल्यावर त्यांच्या डोळ्यात फिल्टर खुपायला लागला. तो इंजिनाच्या वर, बरोबर मधोमध, दोन नळ्यांच्या आधारानं लोंबकळत होता. कारखान्यातूनच तसा आलेला. "एवढं चांगलं ताट वाढलंय आणि मधीच हे काय गळवागत?" असं तात्या म्हणायचे. "ह्याला कुठं तरी सारा की."

सारता येतो. पण पेट्रोलची वस्तू हलवायची म्हणजे घरातला फोटो एका खिळ्यावरून दुसऱ्या खिळ्यावर टांगण्याइतकं सोपं नसतं. धुराच्या नळकांड्याजवळ चालत नाही, तिथं आग ओकणारी उष्णता. बॅटरीजवळ नाही, तिथं ठिणगी. पंख्याच्या आणि पट्ट्याच्या वाटेत नाही. जी जागा सापडेल तिथं फिल्टरला पक्की पट्टी हवी, पट्टीत रबर हवं. नळी पेट्रोलचीच हवी. पाण्याची नळी पेट्रोलनं फुगते आणि सहा महिन्यांत चिरते. पत्र्यातून नळी न्यायची तर भोकाला रबरी कडं हवं, नाहीतर पत्र्याची धार तिला रोज थोडी थोडी कापते. आणि नळीला थोडी ढील हवी, कारण इंजिन हलतं आणि गाडीचं अंग हलत नाही. काम करताना इंजिन थंड, बॅटरीची तार काढलेली, वाळूची बादली शेजारी आणि बिडीवाला रस्त्याच्या पलीकडं. हे सगळं मी करतो. पाहिजे तर येऊन बघा.

तात्यांच्या गाडीत मला डाव्या चाकाच्या वर, आतल्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला जागा सापडली. धुराची बाजू उजवीकडं, बॅटरी पुढं. जागा चांगली होती. दोष एकच. फिल्टर बघायचा तर वाकून मान वळवावी लागायची, आणि खालची क्लिप दिसायचीच नाही, बोटानं चाचपावी लागायची.

शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती कुठल्या पुस्तकात नसते. नवी रबरी नळी पहिल्यांदा तापली की बसते. काल घट्ट असलेली क्लिप आज किंचित सैल होते. म्हणून दुसऱ्या दिवशी गाडी परत बोलवायची आणि प्रत्येक क्लिपला अर्धा आटा द्यायचा, म्हणजे तिचा स्क्रू अर्धा फेरा आवळायचा. अर्धाच. जास्त दिला तर पत्रा रबर कापतो. मी आयुष्यात हा अर्धा आटा एकदाच चुकवला.

काम केलं ते अष्टमीला. मी तात्यांना म्हणालो होतो, दसरा होऊ द्या. ते ऐकेनात. नवमीला त्यांच्या दारात गाडीची पूजा, सगळी भावकी जेवायला. "बॉनेट उघडंच ठिवणार हाय. बघू देत एकदा सगळ्यांना." त्यांच्या तोंडावरचा आनंद बघून मी हो म्हणालो. म्हणालो, उद्या सकाळी सातला गाडी घेऊन या, अर्धा आटा देतो आणि मग जा. तात्यांना झेंडूची फुलं घ्यायला कोल्हापूरला यायचंच होतं.

ते नऊला आले. जोतिबाच्या गर्दीत अडकले होते. आणि आमची पूजा आठलाच झाली होती.

आमच्या गॅरेजचा नियम माझ्या उस्तादांपासूनचा आहे. नवमीला हत्यारं पुजली की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर ते आपल्यासाठी राबतं, दोन दिवस त्याला विश्रांती. उस्तादांच्या हयातीत एकदा दारात एक मोठी गाडी बंद पडली होती, आत मोठा माणूस होता. उस्तादांनी त्याला दोन दिवस थांबा म्हणून सांगितलं आणि तो थांबला. ही गोष्ट मी पन्नास वेळा सांगितली असेल. तिचा मला अभिमान होता.

तर तात्यांनी बॉनेट उघडलं. मी वाकून हात आत घातला, खालच्या क्लिपवर बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला. वास आला. बोट ओलं नव्हतं. आम्ही ह्याला घाम म्हणतो. थेंब नाही, नुसता दमटपणा. मी मागं वळून बघितलं. पाटावर लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर होता, मुठीवर गंधाचं बोट, वर झेंडूची पाकळी.

तात्या म्हणाले, "सगळं बराबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "उत्तरपूजा झाली की आणा. एवढासा आटा द्यायचाय."

ते गेले. मी आल्यागेल्याला पेढे वाटत बसलो. पंप इंजिनाबरोबर पेट्रोल ढकलत राहतो आणि तीस किलोमीटरच्या रस्त्यात घामाचा थेंब होतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ते मनात येऊ दिलं नाही.

अकराच्या सुमारास आमची मंडळी घरून नैवेद्य घेऊन आली. हिचं नाव सुमन. माझ्या धंद्यातलं तिला जेवढं कळतं तेवढं मला तिच्या स्वयंपाकातलं कळत नाही. तिनं पाटापुढं ताट ठेवलं, तबकात कापराच्या तीन वड्या ठेवल्या आणि काडी ओढली. कापूर भडकला. मला एकदम कोडोलीतलं दार दिसलं. तात्यांचं उघडं बॉनेट, आणि त्यावर ओवाळायची आरती.

मी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. सणाच्या घरात फोन कोण उचलतो? सुमननं विचारलं काय झालं, आणि मी सांगितलं. पुढं हेही सांगितलं की हत्यारं पुजलीत. हे वाक्य मी का बोललो, मला अजून कळत नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग पाटाजवळ गेली, पाकळी बाजूला केली आणि स्क्रूड्रायव्हर उचलून माझ्या हातात दिला.

"पाप लागलं तर मला लागू दे," ती म्हणाली. "तुमी जावा."

स्कूटरवरून मी कोडोलीला पाऊण तासात गेलो. हायवेला ट्रकच ट्रक, प्रत्येकाच्या तोंडावर झेंडूचे हार, काहींना ऊस बांधलेले. शिरोली, टोप, मग वाठारला वळलो. सगळ्या रस्त्यानं मी एकच हिशेब करत होतो: नैवेद्य बाराला, आरती नैवेद्याच्या आधी की नंतर? प्रत्येक घरची रीत वेगळी. आमच्यात नंतर. त्यांच्यात काय, हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्यात आधी.

मी वळणावर स्कूटर सोडून चालत पुढं गेलो तेव्हा दारात तीस-चाळीस माणसं उभी होती. मध्ये गाडी, हार घातलेली, बॉनेट उघडं. आत सगळं असं झगमगत होतं की मला माझं काम क्षणभर ओळखू आलं नाही. बॉनेटसमोर तात्यांच्या आई. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. ऐंशीच्या पुढच्या, कंबरेत वाकलेल्या, दोन्ही हातांत पितळी तबक आणि तबकात कापूर पेटलेला. त्या ओवाळत होत्या.

मला ओरडायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ओरडलो असतो तर आक्का दचकल्या असत्या, आणि त्यांच्या हातातलं तबक कुठं पडलं असतं ते मला दिसत होतं. धावत गेलो असतो तरी तेच. म्हणून मी दहा पावलांवर उभा राहिलो, आणि हातांचं काय करावं ते न कळून हात जोडले. शेजारचा माणूस सरकला आणि त्यानं मला जागा दिली.

आक्का घाई करणाऱ्यांतल्या नव्हत्या. एक फेरा, दोन, तीन. प्रत्येक फेऱ्याला तबक डाव्या कोपऱ्यावरून जायचं, त्याच कोपऱ्यावरून. चौथ्या फेऱ्याला त्या थांबल्या, तबक थोडं खाली घेतलं आणि आत डोकावल्या. जसं एखाद्या लेकराचं तोंड बघावं तसं. मी तेव्हा जेवढा भ्यालो तेवढा कधी भ्यालो नाही, स्वतःच्या जिवासाठीही नाही. मग पाचवा फेरा झाला आणि त्या मागं वळल्या.

तबक सगळ्यांपुढून फिरलं. माझ्यापुढं आलं तेव्हा मी ज्योतीवर हात धरले आणि तोंडावरून फिरवले.  आक्का म्हणाल्या, "पावणं कुठलं?" आणि तात्यांनी मला बघितलं.

"मिस्त्री! अवो, तुमी? सणाच्या दिवशी एवढ्या लांब?"

"एकदा बघतो गाडी," मी म्हणालो आणि कुणी काही बोलायच्या आत वाकलो. धूप आणि उदबत्तीच्या वासात पेट्रोलचा वास कुणाला येणं शक्यच नव्हतं. बोट घातलं. ओलं. क्लिपच्या खाली थेंब लोंबत होता, आणि खाली जमिनीवर, पूजेच्या पाण्याच्या शिंतोड्यांत, एक ओला ठिपका होता जो पाण्याचा नव्हता. खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, चाचपडत खाच शोधली आणि अर्धा आटा दिला. रुमालानं पुसलं. थेंब पुन्हा आला नाही. रुमाल मी गाडीपासून लांब, नळाखाली नेऊन धुतला.

आग का लागली नाही, ते मी नंतर खूपदा मनात घोळवलं. पेट्रोलची वाफ जड असते, खाली बसते. बॉनेट उघडं होतं, मोकळ्यावर वारं होतं, म्हणून ती साचली नाही. एवढंच. बंद गोठ्यात ती गाडी उभी असती तर हा लेख लिहायला मी बसलो नसतो. देवाचं नाव मी त्यात घेत नाही. आक्कांनी घेतलं असतं.

परत आलो तर तात्या सगळ्यांसमोर उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. "बगा," ते भावकीला म्हणाले, "ह्यो माणूस. हत्यारं पुजलेली असताना माझ्या गाडीच्या दर्शनाला कोल्हापुरातनं आला." आणि मला म्हणाले, "खास माझ्यासाठी आला न्हवं?"

तीस-चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती.

"व्हय," मी म्हणालो. "दर्शनाला आलतो."

मग मला पहिल्या पंगतीला बसवलं. आक्कांनी पोळीवर स्वतःच्या हातानं तूप वाढलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या. गिळल्या, असं म्हणतो.

घरी आल्यावर सुमनला एवढंच सांगितलं की वेळेत पोचलो. ती म्हणाली, "सांगितलं न्हवं त्यास्नी?" मी म्हणालो, सांगितलं.

त्या वर्षीच्या दसऱ्याला संध्याकाळी तात्या कोडोलीहून आमच्या दारात आले. आपट्याची पानं घेऊन. म्हणाले, "आक्काला आणि देवाला दिलं, त्यानंतरचं पहिलं सोनं तुमाला. काल तुमी माझ्या दारात आला, ते मी इसरणार न्हाय." त्यानंतर दरवर्षी. भावकीच्या आधी, जावयाच्या आधी, तीस किलोमीटर गाडी चालवत येऊन माझ्या हातात पानं ठेवायचे. मी ती घेत राहिलो. दुसऱ्या वर्षापासून मी लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडणं बंद केलं. तेवढंच काय ते केलं.

आक्का दोन वर्षांमागं गेल्या. पिकलं पान, झोपेत गेलं. मी मातीला गेलो होतो. तिथंही तात्यांनी कुणाला तरी सांगितलं, हे मिस्त्री, हे नवमीला आलते. आक्कांच्या शेवटच्या आरत्यांतली ती एक होती, आणि मी तिथं काय म्हणून उभा होतो ते फक्त मला माहीत होतं.

हा लेख मी दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी लिहायला घेतला आणि इथपर्यंत येऊन थांबलो. छापल्यावर तात्या वाचणार. माझं नाव दिसलं की ते चार अंक विकत घेऊन गावात वाटणार. त्यांना हे छापील कागदावरून कळावं, हे बरं नव्हे. संपादकांना म्हटलं, दसरा झाल्यावर देतो. ते चिडले. बरोबरच आहे, त्यांना अंक वेळेत काढायचा होता.

ह्या दसऱ्याला ऊन उतरताना पांढरी गाडी दारात आली. तात्या आता काठी घेतात, पण गाडी स्वतः चालवतात. पानं हातात घेऊन ते पुढं आले.

"थांबा तात्या," मी म्हणालो. "आधी ऐका."

सांगायला चारच वाक्यं लागली. क्लिप सैल होती. मला नऊ वाजता कळलं होतं. हत्यारं पुजली म्हणून मी हात लावला नाही. दर्शनाला आलो नव्हतो, थेंब बघायला आलो होतो. आणि पाचवं वाक्य असं की आलो तेही माझ्या मनानं नाही, हिनं पाठवलं म्हणून. सुमन दारात उभी होती. तिला त्या दिवशी मी खोटं सांगितलं होतं, तेही तिला तिथंच कळलं.

तात्यांनी एकदा सुमनकडं बघितलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"आक्काच्या हातात आरती व्हती, तवा?"

"व्हय."

"थेंब व्हता?"

"व्हता."

त्यांनी पानं खिशात ठेवली. गाडीकडं गेले, बॉनेट उघडलं आणि काठीवर भार देऊन आत बघत राहिले. इतक्या वर्षांनीही आत सगळं लखलखत होतं. तिथं बोट फिरवलं असतं तर पांढरंच राहिलं असतं.

"त्यो फिल्टर परत वर घ्या," ते म्हणाले. "हुता तिथं. मला दिसंल असा."

"उद्या सकाळी घेतो," असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पाटावर हत्यारं होती, गंध लावलेली, हार घातलेली. खिशात स्क्रूड्रायव्हर होता, पण पट्टीच्या बोल्टला दहाचा पाना लागतो. मी पाटाजवळ गेलो, हार उचलला आणि दहाचा पाना घेतला. पक्कडही घेतली. उस्तादांची आठवण झाली नाही असं नाही.

इंजिन थंड व्हायला थांबलो. तात्यांना खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. बॅटरीची तार काढली, वाळूची बादली आणली, नवी नळी कापली. फिल्टर त्याच्या जुन्या जागी बसवला, इंजिनाच्या वर, मधोमध. खालच्या पत्र्याची दोन भोकं रबर घालून बुजवली. गाडी चालू केली, दहा मिनिटं चालू ठेवली. मी बोट लावून बघितलं. मग तात्यांनी काठी बॉनेटला टेकवली आणि स्वतःचं बोट एकेका क्लिपवरून फिरवून प्रत्येक वेळी नाकाशी नेलं. चारदा. ह्याआधी त्यांनी माझं काम कधी तपासलं नव्हतं.

"उद्याच्याला येतो," ते म्हणाले. "अर्ध्या आट्याला."

बॉनेट लावायच्या आधी त्यांनी एकदा आत बघितलं. एवढ्या स्वच्छ जागेत तो फिल्टर पहिल्यापेक्षाही वाईट दिसत होता. मग खिशातनं पानं काढली. चुरगळली होती, ती त्यांनी तळहातावर सरळ केली. मी हात पुढं केला.

ते माझ्याजवळून पुढं गेले, दाराशी थांबले आणि पहिलं सोनं सुमनच्या हातावर ठेवलं. "घ्या वैनी," म्हणाले. मग मागं वळून मला दिलं.